फर्स्ट एसीचा कूपे मिळाला, पण सामान बसेना! रात्रीच्या गाडीत बॅगा न्यायच्या कशा, नियम काय आहे?

मुंबईला दवाखान्याचं काम निघालं की आपल्याकडची माणसं रात्रीची गाडीच धरतात. विदर्भ एक्स्प्रेस म्हणा, अमरावती-मुंबई म्हणा, संध्याकाळी-रात्री बसलं की सकाळी मुंबई. एरवी आपण स्लीपरवाले, फार तर थर्ड एसी. पण घरात ऑपरेशन झालेलं माणूस असलं, म्हातारी माणसं सोबत असली, तर आता बरीच कुटुंबं चार पैसे जास्त टाकून फर्स्ट एसी काढताना दिसतात. दरवाजा लावला की आपली खोली आपली, कोणाची ये-जा नाही, पेशंटला शांत झोप. खरं आहे. फक्त एक गोष्ट तिकीट काढताना कोणी सांगत नाही, की ती खोली किती लहान असते!

आमच्यावर बेतलं म्हणून सांगतो. मागच्या वर्षी बाबांना हार्टच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. छातीचे टाके नुकतेच सुकलेले, धक्का लागू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून फर्स्ट एसीची दोन तिकिटं काढली. नशिबाने कूपे मिळाला. पण आईने सामान बांधलं ते नेहमीसारखं. जुनी पत्र्याची पेटी, बहिणीसाठी ज्वारीचा कट्टा, पापड-कुरडयांचा डबा, लोणच्याची बरणी, गोधडी, पाण्याची कॅन आणि वरून तीन थैल्या. पेटी चौदा इंच उंच. बर्थखाली ढकलली तर अर्ध्यावर अडली. मग ती आणि कट्टा, दोन्ही मधल्या जागेत उभे केले. रात्री दोनच्या सुमारास बाबा लघवीला उठले आणि अंधारात पेटीवर अडखळले. हात वरच्या बर्थच्या शिडीला लागला म्हणून वाचले. "काऊन आणली रे एवढी पेटी?" एवढंच म्हणाले. मला मात्र सकाळपर्यंत झोप आली नाही.

कूपे म्हणजे नेमकं काय?

फर्स्ट एसीच्या डब्यात दोन प्रकारच्या खोल्या असतात. चार बर्थची ती केबिन, दोन बर्थची तो कूपे. कूपेत एक बर्थ खाली, एक वर. खिडकीजवळ छोटं टेबल, भिंतीला आरसा, कपडे अडकवायला खुंट्या, चढायला शिडी आणि सरकता दरवाजा. उरलेली जमीन म्हणजे एक माणूस उभा राहून सदरा बदलेल एवढी. सामान ठेवायला फळी-बिळी असेल असं समजून जाऊ नका. मोठ्या बॅगांची खरी जागा एकच, खालच्या बर्थखाली.

आणि हो, दोन तिकिटं काढली म्हणजे कूपेच मिळेल असं नाही. तिकीट काढताना कूपेची पसंती सांगता येते, पण हमी नसते. तिकीट कन्फर्म असलं तरी कोणती खोली, कोणता बर्थ हे चार्ट तयार झाल्यावरच कळतं. चार बर्थच्या केबिनमध्ये नंबर लागला तर समोर दुसरं कुटुंब असणार, त्यांच्याही बॅगा असणार. म्हणून सामान बांधताना हिशेब असा धरायचा, की एक बर्थ साधारण सहा फूट लांब, त्याखालची जागा खालच्या आणि वरच्या अशा दोघांची. म्हणजे माणशी तीन फूट. तेवढ्यात बसेल तेवढं आपलं.

सगळ्याच गाड्यांना फर्स्ट एसी नसतो, हेही लक्षात ठेवा. काही गाड्यांना अर्धा डबा फर्स्ट एसी आणि अर्धा सेकंड एसी असतो, त्याला 'एचए' म्हणतात.

वजनाचं टेन्शन कमी, मापाचं जास्त

रेल्वेचा नियम बऱ्याच जणांना उलटा माहीत असतो. लोक किलो मोजत बसतात. फर्स्ट एसीत माणशी ७० किलो सामान फुकट नेता येतं. सेकंड एसीला ५० किलो, थर्ड एसी आणि स्लीपरला ४० किलो, जनरलला ३५ किलो. पाच ते बारा वर्षांच्या पोराला याच्या निम्मं. म्हणजे कूपेतल्या दोघांना मिळून १४० किलो! एवढं सामान आपण लग्नालाही नेत नाही. वजनात कोणी अडवणार नाही.

अडतं ते माप. पेटी, सुटकेस, बॅग डब्यात न्यायची तर बाहेरून मोजून १०० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर उंच, याच्या आत पाहिजे. आपल्या भाषेत सव्वातीन फूट लांब, दोन फूट रुंद, दहा इंच उंच. यातलं एक जरी माप जास्त भरलं तरी ती वस्तू नियमाने ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात बुक करावी लागते. थर्ड एसी आणि एसी चेअरकारला तर माप आणखी कमी आहे, ५५ बाय ४५ बाय साडेबावीस सेंटीमीटर. सगळ्यात जास्त गर्दी थर्ड एसीत, आणि सगळ्यात मोठ्या बॅगाही तिथेच दिसतात, हा भाग वेगळा!

चौदा इंचाची आमची पेटी नियमातही बसत नव्हती आणि बर्थखालीही. तपासनीसाने काही म्हटलं नाही, पण त्याने काही म्हटलं नाही म्हणून पेटी काही लहान झाली नाही.

वजन जास्त झालंच तर काय होतं? फुकट मर्यादेच्या वर थोडी सवलत असते. फर्स्ट एसीला १५ किलो, स्लीपरला १० किलो. तेवढ्यावर सामानाच्या दराच्या दीडपट पैसे लागतात. त्याच्याही वर बुक न केलेलं सामान पकडलं गेलं तर सहापट. आधीच स्टेशनवर जाऊन बुक केलं तर दीडपटच. म्हणून शंका असली तर किराणा दुकानातल्या काट्यावर आधी वजन करून घ्या, सोपं काम आहे.

बांधायचं कसं?

घरून निघण्याआधी टेप घ्या आणि बॅगेची उंची मोजा. बॅग आडवी टाकून, चाकं आणि मूठ धरून. दहा इंचाच्या वर गेली तर ती बॅग घरी ठेवा. एका मोठ्या बॅगेपेक्षा दोन मध्यम बऱ्या. कडक पेटीपेक्षा कापडाची, दाबली तर दबणारी बॅग चांगली. गाठोडंसुद्धा चालतं, खरं सांगायचं तर गाठोडं पेटीपेक्षा शहाणं, जागा मिळेल तसं बसतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती एकाच बॅगेत सगळं कोंबायची. मग रात्री गोळी पाहिजे की ती बॅग बर्थखालून ओढा, खोलीच्या मधोमध उघडा, पेशंटला पाय वर घ्यायला सांगा. त्यापेक्षा रात्रीची थैली वेगळी करा. औषधं, दवाखान्याची फाइल, चष्मा, चार्जर, नॅपकिन, पाण्याची एक बाटली, सकाळचा एक जोड कपडा आणि आधार कार्ड. ही थैली खुंटीला किंवा उशाशी. बाकी सगळं एकदा खाली गेलं की मुंबई येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

खाली ठेवताना आधी सर्वात मोठी बॅग आडवी, पार भिंतीपर्यंत ढकलायची. मग तिच्या बाजूला दुसरी. डबे-बरण्या असतील तर शेवटी, पुढच्या बाजूला, कारण गाडी हलली की मागची बरणी कुठे कलंडली ते कळत नाही. लोणचं नेणारच असाल तर बरणी कपड्यांच्या बॅगेत नको, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वेगळी. (आमच्या फाइलला तेलाचा डाग अजून आहे.)

मधली जमीन मोकळी पाहिजे. चपलासुद्धा बर्थखाली सारा. सरकत्या दरवाज्याच्या वाटेत आणि शिडीच्या पायाशी काहीच नको. पेशंट खालच्या बर्थवर, तरणं माणूस वर. वरच्या बर्थवर पायाच्या बाजूला एखादी हलकी, मऊ थैली चालेल, पण जड बॅग तिथे चढवू नका. गाडीने ब्रेक मारला तर ती खाली झोपलेल्या माणसावरच येणार.

गोधडी, चादर, उशी घरीच ठेवा. एसीच्या डब्यात चादर, ब्लँकेट, उशी रेल्वे देते. आईला हे पटवायला मला अर्धा तास लागला, "दुसऱ्याचं पांघरूण कसं वापरायचं" म्हणून. शेवटी एक स्वतःची चादर घेतली, गोधडी राहिली. पाच लिटरची पाण्याची कॅनही नको, बाटली संपली तर दुसरी मिळते.

धान्याचा कट्टा न्यायचाच असेल तर?

मुलीच्या घरी ज्वारी, तूर डाळ पोचवायची हौस सगळ्यांना असते. वीस किलोचा कट्टा वजनात बसतो, पण बर्थखाली गेला की बाकी बॅगांची जागा खातो. दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या केल्या तर त्या चपट्या होऊन कोपऱ्यात बसतात. त्याहून जास्त असेल तर ब्रेकव्हॅनला बुक करा. त्यासाठी तिकीट दाखवावं लागतं आणि गाडीच्या किमान अर्धा तास आधी सामान स्टेशनवर नेऊन द्यावं लागतं. लहान स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तिथे ब्रेकव्हॅनला सामान चढवायची सोय असेलच असं नाही. एक-दोन दिवस आधी स्टेशनवर विचारून घ्या, नाहीतर मोठ्या स्टेशनवरून बसायचा विचार करा.

दोन मिनिटांत चढायचं

आपला डबा प्लॅटफॉर्मवर कुठे येणार ते आधी बघून तिथेच उभं राहा. पेशंट आधी चढवा, मग सामान. आम्ही उलटं केलं होतं. सामान दारात, बाबा खाली आणि गाडीची शिट्टी! दोघंच असाल तर स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाला बॅगा दारातून वर द्यायला सांगा, त्याने आत चढायचं नाही. चढल्यावर दारात रचलेलं सामान लगेच खोलीत घ्या, बाहेरची बोळ अरुंद असते. उतरताना अर्धा तास आधी बॅगा बाहेर काढायला लागा, पण पेशंटला शेवटी उठवा.

चोरी झाली तर?

खोलीला आतून कडी असते म्हणून निर्धास्त होऊ नका. रात्री कोणी बाहेर गेलं की दुसऱ्याने आतून कडी लावायची. बर्थखाली साखळी अडकवायला कडी असते, तिला बॅग कुलूप लावून बांधा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० प्रमाणे, आपण सोबत ठेवलेलं, बुक न केलेलं सामान गेलं तर रेल्वेच्या माणसाचा हलगर्जीपणा दाखवून द्यावा लागतो. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका प्रवाशाच्या चोरीला गेलेल्या पैशांच्या प्रकरणात रेल्वेला जबाबदार धरलं नाही. म्हणून ऑपरेशनचे पैसे, दागिने बॅगेत नको, अंगावर. काही झालंच तर गाडीतूनच १३९ नंबरला फोन लावा.

हे अजिबात नको

भरलेला असो की रिकामा, गॅस सिलिंडर नको. रॉकेल, पेट्रोल, फटाके, ॲसिड नको. कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र पेशंटला ऑक्सिजन लागत असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत ठेवून ऑक्सिजन सिलिंडर नेता येतो. तो बर्थखाली आडवा, घरंगळणार नाही असा ठेवा आणि डब्यातल्या अटेंडंटला बसल्याबसल्या सांगून ठेवा.

सहा महिन्यांनी बाबांना परत तपासणीला नेलं. या वेळी आईने आधी टेप मागवला. दोन कापडी बॅगा, एक खुंटीची थैली, ज्वारीच्या दोन पिशव्या. पेटी माळ्यावर गेली. कूपे मिळाला नाही, चार बर्थची केबिन मिळाली, समोर जळगावकडचं जोडपं होतं. त्यांची एक मोठी सुटकेस मधेच उभी होती. बाबांनीच त्यांना सांगितलं, "भाऊ, तेवढी आडवी करून आत सारा, रात्री मला उठा लागते."