सहा प्लाय की दहा प्लाय?

केडगावची पिकअप एकाच दिवसात तीन तऱ्हेचे रस्ते तुडवते. भीमेकाठच्या काळ्या रानातून कांदा भरून निघायचे, मुरमाच्या वाटेने उपबाजार गाठायचा आणि माल उतरला की चौफुल्यावरून पुणे-सोलापूर महामार्गाला लागायचे. अशा गाडीला खोल, ठोकळेदार नक्षीचे ‘ऑल टेरेन’ टायर हवेत, यावर फारसे दुमत नसते. घोडे अडते ते प्लायवर. सहा प्लायचा घ्यावा की दहाचा? ‘जास्त प्लायचा घ्या, दणकट असतो,’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

गाडीचे वजन मुख्यतः पेलते ती टायरमधली हवा. रबर आणि त्यातले धागे त्या हवेला कोंडून धरतात. पूर्वी हे धागे सुती असत आणि प्लाय म्हणजे सुती धाग्यांचा एक थर. आता नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद आले. त्यामुळे ‘१० प्लाय’ लिहिलेल्या टायरमध्ये दहा थर असतीलच असे नाही. तो आकडा आता ताकदीचा दर्जा सांगतो.

२३५/७५ आर १५ हे माप घेऊ. हलक्या मालगाड्यांसाठीच्या सहा प्लायच्या टायरवर भारांक (लोड इंडेक्स) १०४ असतो, म्हणजे ५० पाउंड हवेवर ९०० किलो. दहा प्लायवर ११६, म्हणजे ८० पाउंडावर १,२५० किलो. आता दहा प्लायच्या टायरमध्येही ५० पाउंडच हवा भरली तर? तोही साधारण ९०० किलोच पेलतो! जादा प्लायने मिळते ती जादा हवा भरण्याची मुभा. दहा प्लायचे पैसे मोजून हवा जुनीच ठेवणाऱ्याला भाराच्या बाबतीत काहीच मिळत नाही.

समजा, १,७०० किलोच्या रिकाम्या गाडीत दीड टन कांदा भरला. एकूण ३,२०० किलो. त्यातला दोनतृतीयांश भार मागच्या आसावर धरला, तर प्रत्येक मागच्या चाकावर साधारण १,०५० किलो येतात. इथे सहा प्लाय उणा पडतो. भार झेपेनासा झाला की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, रबर आतून तापते आणि उन्हाळ्यात साठ अंशांपर्यंत तापलेल्या डांबरावर थर सुटू लागतात. तिथे दहा प्लायच हवा, त्यात ६५ ते ७० पाउंड हवाही हवी.

पण सहाशे-सातशे किलो भाजीपाला किंवा दूध नेणाऱ्याचे काय? त्याच्या मागच्या चाकावर जेमतेम ६५० किलो येतात. सहा प्लाय पुरून उरतो, वजनाला हलका असतो आणि खड्ड्यात धक्काही कमी देतो. हीच गाडी रिकामी परतताना चाकावर ३४० किलो उरतात. दहा प्लायच्या टायरमध्ये ६५ पाउंड ठासून हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने जमिनीला टेकते फक्त ७५ चौरस सेंटिमीटर जागा, तळहाताएवढी. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मागचा भाग घसरतो तो यामुळेही. काळ्या मातीतही तेच: हवा जितकी कडक, तितके चाक खोल रुतते. पावसात फुगून मऊ झालेल्या त्या मातीला रुंद टेकणारा, जरा मवाळ टायर मानवतो.

दहा प्लायची एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. तोडणी झालेल्या उसाच्या रानात बुडखे टोकदार उभे असतात आणि ते बगलेत घुसतात. तिथे जाड बगल खरोखर कामाला येते. रोज अशा रानात गाडी घालणाऱ्याने भार कमी असला तरी जड टायर घ्यावा, असे मला वाटते.

टायर बदलल्याने गाडीची क्षमता मात्र वाढत नाही. आस, पाटे, ब्रेक तेच राहतात आणि आरसी बुकातला आकडाही तोच.

निवड करण्याआधी नेहमीच्या मालासह गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि फक्त मागची चाके फळीवर घ्यावीत. आलेल्या आकड्याचे निम्मे केले की एका टायरवरचा भार कळतो. भारांक त्याच्या थोडा वरचा घ्यावा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. ३० अंशांवर भरलेली ५० पाउंड हवा टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर ५६ दाखवते. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो, म्हणून तापलेल्या टायरची हवा सोडू नये.