काळ्या पट्टीआधीचं रेडियम

१ एप्रिल २०१९च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. ती बसवायची अधिकृत विक्रेत्याकडूनच. ‘४९१२’ची वळणं फिरवून ‘पवार’ आणि ‘४१४१’चं ‘दादा’ करणाऱ्या पाट्या गेल्या, हे उत्तमच झालं. धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर वाचता आलाच पाहिजे. पण त्या पाट्यांवर ज्यांची चूल पेटायची, ते कोल्हापुरातले ओळखीचे रेडियमवाले एकेक करून शटर ओढताहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

रेडियम येण्याआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. अँबॅसिडर, पद्मिनीला क्रोमचे बंपर. फडकं मारलं की सजावट झाली. मारुती आली, तिला लोकांनी जपून झाकूनच ठेवलं.

खरी बहार १९९५ ते २००५ची. रस्त्यावर वडापच्या, म्हणजे सीटवारी भाड्याच्या, ट्रॅक्स, कमांडर आणि नव्या सुमो. मागच्या काचेवर ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, दारांवर लाल-पिवळ्या ज्वाळा, बंपरला चकाकती पट्टी. उद्यमनगरातल्या आमच्या मामांकडे कापायचं मशीन नव्हतं. काचेच्या तुकड्यावर रेडियम पालथं घालायचं, पाठच्या कागदावर पेन्सिलीनं अक्षर उलटं काढायचं आणि अर्ध्या ब्लेडनं कापायचं. अनुस्वाराचा ठिपका ब्लेडच्या टोकावरच उचलायचा. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारलं की अक्षर हवं तसं सरकतं; जागा पक्की झाली की रबराच्या पट्टीनं पाणी कडेला रेटायचं. दसऱ्याच्या आदल्या रात्री त्यांच्या दारात जीपगाड्यांची रांग असे, आणि एका गाडीचं ‘चांगभलं’ दुसरीसारखं नसे. ‘ग’चा काना किती लांबवायचा, हे मामा काचेची रुंदी बघून ठरवत.

या कामाला ‘गावठी’ म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. पुढं संगणकावरून अक्षरं कापणारा प्लॉटर आला आणि सगळ्या गाड्यांची अक्षरं एकाच साच्यातली झाली. २७ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा फिल्म लावण्याच्या कामाचा या दुकानांचा दुसरा आधारही तुटला.

आता नाकं मुरडणारेच क्रोम डिलीट करून घेतात. म्हणजे खिडकीखालची चंदेरी पट्टी, जाळी, कंपनीचं चिन्ह, सगळं काळ्या व्हिनाइलखाली घालायचं. २०१९मध्ये हॅरियरची डार्क एडिशन आली आणि काळेपणा थेट कारखान्यातूनच मिळू लागला. हौस म्हणावी तर ती सगळ्यांची एकच.

आणि कामाचा दर्जा? मीही क्रोम डिलीट करून घेतलं, तेव्हा पुण्याच्या एका स्टुडिओनं माझ्याकडून कास्ट व्हिनाइलचे पैसे घेतले आणि कॅलेंडर्ड चिकटवलं. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून बनवतात, जाडी साधारण ५० मायक्रॉन. तिच्यात ताण नसतो, म्हणून ती वळणावर बसते आणि बसून राहते. कॅलेंडर्ड रुळांमधून लाटून ताणलेली असते, ऊन लागलं की मूळ मापाकडं परतू बघते. माझ्या गाडीच्या पट्टीची टोकं एप्रिलमध्येच आखडली आणि खालून क्रोमची रेघ डोकावू लागली. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘उन्हाचं वॉरंटीत येत नाही.’ मामांनी कोणत्याही गिऱ्हाइकाला हलका कागद भारी म्हणून दिला नाही. स्वस्तातलं दोन पावसाळे टिकेल, हे ते आधीच सांगत.

शेवटी ते काम मामांच्या हाताखाली शिकलेल्या पोरानंच निस्तरलं. तो आता कोल्हापुरातच एका डिटेलिंगच्या दुकानात नोकरीला आहे. त्यानं हीट गनची धग देऊन जुनी पट्टी पत्र्यालगत, सावकाश ओढून काढली, उरलेला गोंद पुसला आणि आरशाच्या कोपऱ्याला नवी फिल्म एका तुकड्यात बसवली. सांधा शोधून सापडत नाही. गिऱ्हाइकाचं बिल चौरस फुटावर निघतं, त्याला मात्र रोजावरच ठेवलंय. या हाताला मालकानं कामाच्या हिशेबानं पैसे दिले पाहिजेत, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे आणि पुन्हा सांगणार आहे.