छातींतील पाणी व शस्त्रवैद्याची युक्ति

‘अमक्याच्या छातींत पाणी झालें’ हे शब्द आपल्या घरांतून पुष्कळदां ऐकूं येतात. परंतु तें पाणी नेमकें कोठें सांचतें हें सांगणारे थोडे. तें फुप्फुसांतच भरतें अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. ईश्वरानें प्रत्येक फुप्फुसाभोंवतीं पातळ पडद्याचे दोन पदर घातले आहेत. एक फुप्फुसास लागून, दुसरा बरगड्यांच्या आंतल्या बाजूस. दोहोंमध्यें केवळ दोन-चार चमचे द्रव असतो, व त्यामुळें श्वासाबरोबर ते एकमेकांवरून सहज सरकतात. हा द्रव सतत पाझरतो व सतत शोषलाही जातो.

कर्करोग या पडद्यावर पसरला म्हणजे हा जमाखर्च बिघडतो. पाझर वाढतो, शोषून घेणाऱ्या वाहिन्या तुंबतात, आणि एक-दोन लिटर पाणी सांचून फुप्फुस दबतें. फुप्फुसाच्या व स्तनाच्या कर्करोगांत हें विशेषेंकरून आढळतें. रोग्यास आडवें निजवत नाहीं. चार पावलें चालतांच धाप लागते. मात्र पाणी दिसलें कीं कर्करोगच, असें कोणी समजूं नये. आपल्या देशांत क्षयानेंही तें होतें, म्हणून तें तपासावेंच लागतें.

पोकळ सुईनें पाणी काढणें हा पहिला उपाय. एका वेळीं साधारणतः दीड लिटरपेक्षां अधिक काढीत नाहींत. कारण दबलेलें फुप्फुस एकाएकीं फुललें तर त्यालाच सूज येण्याचें भय असतें. रोग्यास आराम पडतो खरा, पण पाणी बहुधा पुन्हां भरतें.

तेव्हां पाणी थोपवितां येत नसेल तर त्याची जागाच बंद करावी, ही शस्त्रवैद्याची युक्ति. सन १९१० मध्यें स्टॉकहोमचे डॉ. याकोबेयस यांनीं बरगड्यांमधून नळीसारखी दुर्बीण घालून छातीचा अंतर्भाग पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. सन १९३५ मध्यें कॅनडाचे शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनीं त्या दोन पदरांमध्यें शंखजिऱ्याची पूड फवारून ते मुद्दाम चिकटविण्याची पद्धत वर्णिली. त्यांचा हेतु निराळा होता. फुप्फुसाचा रोगट भाग कापण्यापूर्वींची ती तयारी होती. (चीनमध्यें यांच्याच नांवानें उभारलेल्या रुग्णालयाचे प्रमुख सन १९४१ मध्यें आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस झाले.) आज तीच पूड, निर्जंतुक करून, कर्करोग्यांच्या कामीं येते. दुर्बिणीनें पाहून सर्व पाणी काढतात व ती आंत फवारतात. पुडीनें पडद्यास दाह होतो, आणि ज्या दाहास वैद्य एरवीं शत्रु मानतात तोच येथें डिंकाचें काम करितो. कांहीं दिवस ताप व छातींत दुखणें सोसावें लागतें, आणि दर वेळीं यश येतेंच असें नाहीं.

यानें कर्करोग बरा होतो काय, असें नातलग विचारतात. नाहीं, पण उरलेल्या दिवसांत रोग्यास बसून दोन घांस खातां यावे, मुलांशीं दम न लागतां बोलतां यावें, हा लाभ मला लहान वाटत नाहीं.

फुप्फुसावर रोगाचें कवच बसून तें पुरतें फुलत नसेल, तर पदर जुळतच नाहींत. अशा वेळीं त्वचेखालून एक मऊ नळी छातींत बसवून ठेवतात. तिचें बाहेरील टोंक पट्टीखालीं झांकलेलें असतें. घरांतील एखाद्यास ती स्वच्छ हातांनीं हाताळण्यास शिकवितात, आणि तो एक दिवसाआड वा गरजेप्रमाणें तिला बाटली जोडून पाणी काढतो. रोग्यास त्यासाठीं घर सोडावें लागत नाहीं.