विवरणे
विवरणे : प्राचीन मराठीतील एक क्रियापद. संस्कृत ‘वि + वृ’ (आवरण दूर करणे, उघडणे) यापासून ते आले आहे. ‘मनात उलगडून पाहणे, सर्व बाजूंनी तपासून घेणे’ आणि ‘स्पष्ट करून सांगणे’ असे त्याचे दोन अर्थ होत. विवरे, विवरावे, विवरता, विवरोन ही त्याची काही रूपे.

रामदासांच्या (१६०८–८१) दासबोधात या क्रियापदाला विशेष महत्त्व आहे. महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत रामदासांनी हा ग्रंथ सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही घळ १९३० मध्ये शोधून काढली. ‘गुहा’ या अर्थाचा ‘विवर’ हा शब्दही याच धातूचा. तथापि घळ आणि विवरणे यांचा हा मेळ योगायोगाचाच मानावा, अर्थनिर्णयास त्याचा उपयोग नाही.

अर्थनिर्णयास उपयोगी पडतो तो ग्रंथातील समासक्रम. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ असून त्यात अक्षर कसे घोटावे, ओळी कशा राखाव्यात, हे सांगितले आहे. लगेच येणारा दुसरा समास ‘विवरणनिरूपण’ हा आहे. लेखनाचे भेद सांगून झाले, आता अर्थाचे भेद ऐकावेत, अशी त्याची सुरुवात आहे. त्यात शंका आणि तिचे उत्तर, पूर्वपक्ष आणि सिद्धांत यांचा विचार करावा, प्रत्यय नेमका पाहावा आणि केवळ अनुमानावर सैल बोलू नये, असे बजावले आहे. म्हणजे सुवाच्य पोथी तयार झाली तरी काम अर्धेच होते. उरलेले काम विवरण्याचे. ते वक्त्याइतकेच श्रोत्यानेही करावयाचे असते.

आधुनिक मराठीत हे क्रियापद जवळजवळ लोपले आणि ‘विवरण करणे’ हा संयुक्त प्रयोग रूढ झाला. त्यात दुसऱ्याला समजावून सांगण्याचा अर्थ तेवढा उरला. शासनव्यवहारातील ‘विवरणपत्र’ तर निव्वळ तपशिलाचा तक्ता होय. उलट ‘विवर’ हे नाम खगोलशास्त्रातील ‘कृष्णविवर’ या संज्ञेमुळे पुन्हा प्रचारात आले. आजचा अर्थ मनात धरून दासबोध वाचणारा ‘विवरावे’ याचा अर्थ ‘निरूपण करावे’ असा घेतो आणि वाचकाला उद्देशून केलेली आज्ञा प्रवचनकाराच्या वाट्याला जाते. कित्येक ठिकाणी पुढेमागे श्रवण, मनन किंवा प्रत्यय यांचा उल्लेख असतो. तेथे आत्मचिंतनाचा अर्थच ग्राह्य धरावा.