सलाईनचा थेंब, काचेची नळी आणि कागदी कंदील : नर्सिंगच्या पदवीतल्या चटकदार गोष्टी

बारावी सायन्सचा निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात घरोघरी तीच चर्चा. नीटला किती पडले? इंजिनिअरिंगला कुठं मिळेल? आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "नाहीतर मग नर्सिंगला टाका." हे ‘नाहीतर मग’ मला फार खुपतं. कारण बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत जे शिकवतात ते कळलं, तर मिरजगाव-राशीनची हुशार पोरं हा फॉर्म सगळ्यात आधी भरतील. सेवाभाव लागतोच, त्यात वाद नाही. पण गणित लागतं, रसायनशास्त्र लागतं आणि डोळ्यांत तेल घालून बघण्याची सवय लागते. आता एकेक गंमत ऐका.

घड्याळ हवं, पण सेकंदकाट्याचं

नर्सिंगच्या विद्यार्थ्याची पहिली खरेदी बहुधा सेकंदकाट्याच्या घड्याळाची. नाडी मोजायला, श्वास मोजायला आणि सलाईनचे थेंब मोजायला.

थेंबांचं गणित असं. डॉक्टरांनी लिहिलं, ५०० मिली सलाईन ४ तासांत. सलाईनच्या सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, १ मिली म्हणजे २० थेंब. म्हणजे एकूण १०,००० थेंब आणि हातात मिनिटं २४०. भागाकार केला की ४१.६७ येतात, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. एक नजर घड्याळावर, एक नजर चेंबरमध्ये टपकणाऱ्या थेंबावर, अंगठा नळीवरच्या चाकावर. वॉर्डात रात्री तीन वाजता कॅल्क्युलेटर शोधत बसायला वेळ नसतो.

लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटची गंमत तर अफलातून आहे. त्यात १ मिलीचे ६० थेंब पडतात आणि तासाची मिनिटंही ६०. त्यामुळे गणितच उडून जातं : ताशी ३० मिली द्यायचं असेल तर मिनिटाला ३० थेंब. ज्याने कुणी हा सेट बनवला त्याला नर्सच्या घाईची पुरती जाण असणार.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० युनिटवालीही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. शंभराच्या बाटलीतलं औषध चाळिसाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. टोपणाचा रंग चुकला की अडीचपट डोस!

काचेच्या नळीतली २० मिनिटं

ऊस, ज्वारी, भीमाकाठची काळी रानं आणि रात्रीची पाणी द्यायची पाळी. सर्पदंश हा कर्जतकरांना नवा नाही. पण दंश झालेला माणूस दवाखान्यात आल्यावर नर्सच्या हाताशी असलेली एक तपासणी किती साधी आणि किती भारी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची. शिरेतून ताजं २ मिली रक्त काढून त्यात सोडायचं. खाटेशेजारी उभी ठेवायची, २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करून बघायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडलेली आहे आणि संशय घोणस किंवा फुरशावर जातो. ना वीज लागते, ना मशीन.

आता यातली बारीक गोम. नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाला लागून रक्त गोठू लागतं, प्लॅस्टिकमध्ये तसं नीट होत नाही. नळी साबणाने धुतलेली असली तरी घोटाळा, कारण साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तही गोठत नाही आणि उगाच घबराट. म्हणूनच ‘नवी, स्वच्छ, कोरडी’ हे तीन शब्द घोकून घेतात.

नाग आणि मण्यार यांचा मामला निराळा. त्यांचं विष मज्जासंस्थेवर जातं, रक्त छान गोठतं आणि तपासणी गाफील ठेवते. मण्यार तर रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूणही धड दिसत नाही. तिथे कामाला येते नर्सची नजर. पापण्या जड होऊन खाली येताहेत का? घास गिळताना त्रास होतोय का? एका श्वासात माणूस किती आकडे मोजू शकतो? मघाशी वीसपर्यंत गेलेला माणूस आता बारावरच अडखळला, तर धोक्याची घंटा वाजली, मग बाकी सगळं कितीही ठीक दिसो.

आणि सर्पविषावरचा उतारा, म्हणजे आपण ज्याला एएसव्ही म्हणतो ती पावडर पातळ करताना बाटली खळाखळा हलवायची नाही. फेस होतो. तळहातात धरून हळूच गोल फिरवायची. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे ॲलर्जीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन आधीच शेजारी तयार ठेवायचं. हे सगळं शिकलेली सिस्टर तालुक्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर असणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरच्यांना सांगायला नको.

बर्फाचा आवाज ऐकणारी माणसं

सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रातल्या एएनएम (सहाय्यक परिचारिका-सुईण) सिस्टरच्या खांद्यावरची निळी पेटी सगळ्यांनी पाहिलेली असते. त्या पेटीत एक छोटं विज्ञान भरलेलं आहे.

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे गरमीची भीती आहेच. पण थंडीचीही आहे! पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या की कायमच्या वाया. म्हणून फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक सरळ पेटीत टाकत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवतात, मग कानाशी धरून हलवतात. आतून पाण्याची खळखळ ऐकू आली की पॅक तयार, आता लस गोठणार नाही. ऐकून तपासायची ही युक्ती मला नर्सिंगमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

लसीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. उष्णतेने तो गडद होत होत वर्तुळाच्या रंगाला भिडला, की बाटली बाद. बाळाला टोचायच्या आधी आईनेही "ताई, चौकोन दाखवा" म्हणायला काही हरकत नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा मिसळली की ४ तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून सिस्टर बाटलीवर पेनने वेळ लिहिते.

पुस्तकात काय काय!

शरीररचना आणि औषधशास्त्र असणार हे कुणीही सांगेल. पण २०२१ पासून सेमिस्टर पद्धतीने लागू झालेल्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, आहारशास्त्र आहे, संगणकीय आरोग्य-माहिती आहे, संशोधन आणि संख्याशास्त्रही आहे. आणि पाचव्या सेमिस्टरला चक्क फॉरेन्सिक नर्सिंग! मारहाणीच्या, अत्याचाराच्या, विषबाधेच्या केसमध्ये पेशंटचे कपडे, पोटातून काढलेला द्रव, जखमांची नोंद हे सगळं पुरावा असतं आणि त्याला पहिला हात बहुतेक वेळा नर्सचाच लागतो. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं.

झटपट आणखी थोडं. हात धुवायला साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. जैववैद्यकीय कचऱ्याला पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग, सुया फक्त पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पहिली परीक्षा पहिल्या मिनिटाला आणि दुसरी पाचव्या मिनिटाला, १० पैकी गुण. ही अपगार परीक्षा व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉक्टरने १९५० च्या दशकात आणली.

‘लेडी विथ द लॅम्प’चा दिवा कसा होता?

पहिल्या वर्षाला लॅम्प लायटिंगचा समारंभ असतो. पांढऱ्या कडक इस्त्रीच्या गणवेशात हातात ज्योत घेऊन शपथ घ्यायची. आई-वडील गावाहून येतात, फोटो निघतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची ती शपथ मात्र नाइटिंगेलने लिहिलेली नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली.

दिव्याचीही गंमत आहे. चित्रांत तिच्या हातात अल्लाउद्दीनसारखा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात क्रिमियन युद्धाच्या वेळी स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात तिच्या हाती होता तुर्की फानूस, घडी घालता येणारा कागदा-कापडाचा कंदील. राशीनच्या देवीच्या देवळातली हलती दीपमाळ पाहत मोठ्या झालेल्या मुलीला साधा कंदीलही कमी वाटणार नाही.

नाइटिंगेलची माझ्या मते खरी कमाल दिव्यात नाही, आकड्यांत आहे. सैनिक लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरताहेत, हे तिने पाकळ्यांसारख्या रंगीत आलेखातून सरकारला दाखवलं. इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. भारतातल्या सांडपाण्यावर आणि पिण्याच्या पाण्यावर तिने कित्येक वर्षं लिहिलं, पण भारतात ती एकदाही आली नाही. तिचा जन्मदिवस १२ मे, म्हणून तोच जागतिक परिचारिका दिन. जन्माला २०० वर्षं झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं जाहीर केलं. नेमकं त्याच वर्षी कोरोना आला.

आपल्या घरची माणसं

प्रशिक्षित भारतीय परिचारिकांमध्ये पहिलं नाव घेतलं जातं ते काशीबाई गणपत यांचं, मुंबईत, १८९१ साली. पुढे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि ससून रुग्णालयात मराठी मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं. त्यात तरुण विधवा बऱ्याच होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे ऐकून घरची मंडळी दार लावून घेत. ती दारं एकेक करून उघडावी लागली.

आणि कर्जतच्या शेजारचा जामखेड तालुका! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले. गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायची असा त्यांचा सुरुवातीचा बेत होता, पण अनोळखी गावात एकटीने राहायला नर्सना अवघड जाई. मग गावातल्याच बायका निवडल्या. कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्या नियमित जामखेडला येऊन शिकू लागल्या, शिकलेलं आपापल्या गावात सांगू लागल्या आणि नर्स त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग, सगळ्यांत या बायका उतरल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातली माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. आपल्या शेजारच्या तालुक्यात हे घडलं, हे कर्जतच्या प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थ्याने एकदा जाऊन बघावं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हा पहिल्या वर्षाचा धडा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या भीषण हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि नंतर ज्यांनी अरुणांना कधी उभं पाहिलंही नव्हतं अशा पुढच्या पिढीतल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं आणि अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचं तोंडभरून कौतुक केलं.

पायऱ्या आणि परीक्षा

सरकारी दवाखान्यात आपण सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतो, मुलगा असेल तर ‘ब्रदर’. कागदोपत्री स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वॉर्डची इन्चार्ज म्हणजे परिसेविका आणि मेट्रन म्हणजे अधिसेविका. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा लोणीच्या प्रवरेसारख्या अभिमत विद्यापीठाची. पास झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झाली, की नावापुढे आरएन, आरएम लागतं. एकाच पदवीत नर्सही आणि सुईणही! इंग्लंडात या दोन वेगळ्या पदव्या आहेत.

अमेरिकेत काम करायचं तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते. तिथे संगणक उत्तरं बघून पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत जातो आणि खात्री पटली की परीक्षा तिथेच थांबवतो : कुणाची ८५ प्रश्नांत संपते, कुणाची १५० पर्यंत जाते. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा शिकावी लागते. बाडेन-वुर्टेनबर्ग या जर्मन राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत.

बी.एस्सी. ला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. राज्याच्या नर्सिंग सीईटीत या चार विषयांबरोबर नर्सिंग ॲप्टिट्यूडचेही प्रश्न असतात. सायन्स नसेल तर दोन वर्षांचं एएनएम किंवा तीन वर्षांचं जीएनएम करता येतं. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, त्यापुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी. म्हणजे आज कुळधरणच्या बाजूला घरोघर फिरून नोंदी ठेवणारी एएनएम सिस्टर पायरी पायरीने शिकत गेली, तर उद्या कॉलेजच्या वर्गात उभी राहून पोरांना त्या काचेच्या नळीचं कारण समजावून सांगू शकते.