कोलेस्टेरॉलचा हिशेब समजून घेऊ या

सकाळी बागेत फिरायला जाणारी आम्ही निवृत्त मंडळी. पूर्वी गप्पा राजकारणावर व्हायच्या, आता रिपोर्टवर होतात. मागच्या वर्षी आमच्यापैकी एकाचे कोलेस्टेरॉल गोळीने आटोक्यात आले. रिपोर्ट नॉर्मल दिसताच त्यांनी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. आठ महिन्यांनी छातीत दुखू लागले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. गोळी चालू असती तर हे टळलेच असते असे नाही. पण ती बंद करायला नको होती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हापासून आम्ही हा विषय डॉक्टर सभासदांकडून नीट समजून घेतला. तोच इथे मांडत आहोत.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, काही हार्मोन्स आणि पित्तरस बनवायला ते लागतेच. त्यातले बहुतेक आपले यकृत स्वतः तयार करते. म्हणूनच "आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कसे होईल?" हा प्रश्न चुकीचा आहे. रक्तातून ते वाहून नेणारे कण दोन प्रकारचे. एलडीएल जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. हे साचणे वर्षानुवर्षे चालते, पण काही दुखत नाही, खुपत नाही. तपासणीशिवाय ते कळत नाही.

रिपोर्ट कसा वाचावा?

साधारणपणे असे आकडे चांगले मानतात (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर):

- एकूण कोलेस्टेरॉल: २०० च्या आत
- एलडीएल: १०० च्या आत
- एचडीएल: पुरुषांत ४० च्या वर, स्त्रियांत ५० च्या वर
- ट्रायग्लिसराइड: १५० च्या आत

अनेक प्रयोगशाळा एलडीएल चक्क वजाबाकीने काढतात. समजा एकूण २२८, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड १८० आहे. १८० चा पाचवा भाग ३६. मग २२८ मधून ४२ आणि ३६ वजा केले की एलडीएल १५०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही.

एक लक्षात ठेवावे. रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा सर्वांना सारखी लागू नसते. ज्यांना हृदयविकार झाला आहे, त्यांचे एलडीएल डॉक्टर ७० च्या, कित्येकदा ५५ च्याही खाली ठेवायला सांगतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांमुळेही धोका वाढतो.

ताटात काय बदलावे?

आपण इंदूरकर! पोह्यांवर शेव, जोडीला जिलेबी आणि रात्री सराफा. हे सगळे सोडा असे कोणी म्हणत नाही, पण रोजचे सणावारापुरते करता येते. बैठे आयुष्य असलेल्या माणसाला दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे होते. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साधारण तीन किलो. आपल्या किराणा बिलाशी हा आकडा ताडून पाहावा. वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळावे. तेलाच्या डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉल-फ्री' या शब्दांना भुलू नये. कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, भाज्या, फळे, जवसाची चटणी हे आपले जुनेच जेवण उपयोगी आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे.

गोळीविषयी

स्टॅटिन गटातली औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचा वेग कमी करतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे आमच्या मित्राच्या ध्यानात आले नाही. काहींना स्नायू दुखण्याचा त्रास होतो. तेव्हा डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा औषध बदलून देतात. आपण होऊन बंद करू नये.

शेवटी एक विनंती. काही घराण्यांत हा दोष आनुवंशिक असतो. आपल्याला कमी वयात त्रास झाला असेल, तर नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला असलेल्या मुला-मुलींना ते आवर्जून सांगावे आणि त्यांचीही तपासणी करून घ्यावी. आपला रिपोर्ट कपाटात ठेवून मुलांपासून लपवण्यात कोणाचेच हित नाही.