कुत्रे धुताना साबण कोणता वापराल?

आखाड्यावरचे कुत्रे रात्रभर जागते म्हणून आपण निर्धास्त झोपतो. पण त्याला धुवायची वेळ आली की हाताला येईल ते आपण लावतो. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, फिनेल, रॉकेल, आणि गोचीड फार झाले तर कपाशीवरचे उरलेले औषध! यातले एकही कुत्र्यासाठी नाही.

माती परीक्षणाच्या कागदावर आपण सामू पाहतो. कातडीलाही सामू असतो. माणसाच्या कातडीचा साधारण ५.५, तर कुत्र्याचा ७ च्या आसपास. कपड्याचा साबण ९ ते १० पर्यंत जातो. शिवाय कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ. अशा साबणाने अंगचे तेल निघून जाते, कातडी कोरडी पडते, कुत्रे खाजवून जखमा करते आणि आपण म्हणतो खरूज झाली.

शाम्पू घेताना बाटलीवर 'कुत्र्यांसाठी' असे लिहिलेले पाहावे. उग्र वासाचा आणि भडक रंगाचा नको. तो मिळेना तर लहान बाळाचा सौम्य शाम्पू एखाद्या वेळी चालतो. नुसती धूळ-चिखल असेल तर साधे पाणी आणि ब्रश पुरे.

शाम्पू थेट अंगावर ओतू नका. तांब्याभर पाण्यात चमचाभर कालवा. डोळे आणि कान सांभाळा. अंगाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा. फेस राहिला तरी खाज सुटते. महिन्यातून एकदा धुतले तरी भागते. अगदी लहान पिलांना ओल्या फडक्याने पुसावे. जनावरांच्या हौदात किंवा हातपंपाजवळ कुत्रे धुऊ नये, याकडे ग्रामपंचायत अधिकारी व सरपंचांनीही लक्ष द्यावे.

आता मुख्य गोष्ट. पिकावरच्या औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो विषारीपणाची खूण आहे. ते अंगाला लावले की कातडीतून आत जाते, आणि कुत्रे अंग चाटते म्हणून पोटातही जाते. लाळ गळते, अंग थरथरते, कुत्रे दगावूही शकते. त्याच कुत्र्याच्या गळ्यात आपली लेकरे हात टाकतात, हे ध्यानात ठेवा. चुकून कोणी लावलेच, तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून भरपूर पाण्याने धुवा, कुत्र्याला अंग चाटू देऊ नका आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

गोचीड साध्या शाम्पूने मरत नाहीत. त्यांचे औषध डॉक्टर कुत्र्याचे वजन आणि वय पाहून देतात. सोबत गोठ्याच्या व भिंतीच्या भेगाही बुजवा. गोचीड तिथेच अंडी घालतात. नाहीतर कुत्रे आज स्वच्छ झाले तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच!